रोलेक्ससारखं दिसणारं, पण स्वतःच्या नावाचं घड्याळ: निवड, खरेदी आणि तपासणी

रोलेक्स सबमरिनरची काळी बेझल (काचेभोवतीची कडी) आणि भरीव स्टीलची चेन आवडते, पण मनगटावरच्या वस्तूसाठी काही लाख मोजणं परवडत नाही किंवा पटत नाही, अशा माणसापुढे दोन वाटा असतात. एक म्हणजे फर्स्ट कॉपी. डायलवर रोलेक्सचा मुकुट असतो आणि आत कोणतं मशीन आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दुसरी वाट होमाजची. यात घड्याळाची ठेवण प्रसिद्ध घड्याळावरून घेतलेली असते, पण डायलवर बनवणाऱ्याने स्वतःचंच नाव छापलेलं असतं. या लेखात सगळी माहिती दुसऱ्या वाटेची आहे, आणि पहिली का सोडायची हेही आधीच स्पष्ट केलेलं बरं.

व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार खोटं चिन्ह लावणं आणि तसा माल विकणं हा गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. बाहेरून मागवलेलं असं घड्याळ कस्टम्स जप्त करू शकतं, मग पैसेही गेले आणि घड्याळही. ठेवणीचं मात्र वेगळं आहे. डिझाइन कायदा, २००० खाली नोंदणीचं संरक्षण जास्तीत जास्त १५ वर्षं मिळतं, आणि सबमरिनर १९५३ चं, ऑडेमार पिगेचं रॉयल ओक १९७२ चं. म्हणून फिरणारी बेझल किंवा अष्टकोनी चौकट अनेक कंपन्या उघडपणे वापरतात. त्याहून व्यवहाराचं कारण असं: फर्स्ट कॉपीला बिल नसतं, गॅरंटी नसते, अधिकृत सर्व्हिस सेंटर ती हातात घेत नाही आणि ‘३०० मीटर’ हे अक्षर नुसतं छापलेलं असतं. ‘सेव्हन ए’, ‘मास्टर क्वालिटी’ ही लेबलं विकणाऱ्यांनी पाडलेली आहेत. त्यांना कसलंही प्रमाण नाही.

आधी ठरवा, नेमकं काय आवडलंय

‘रोलेक्ससारखं हवं’ एवढ्यावर दुकानात गेलात तर जे उरलंय ते गळ्यात पडेल. मूळ घड्याळाचा फोटो समोर ठेवा आणि त्यातल्या दोनच गोष्टी निवडा. चेन की डायल? बेझल की आकार? बहुतेकांना एखादा तपशील भावलेला असतो, आणि तो तपशील नामांकित कंपनीच्या साध्या घड्याळात बरेचदा मिळून जातो.

सबमरिनरची फिरती बेझल आवडली असेल तर कॅसिओचं ड्युरो हे सर्वांत स्वस्त आणि प्रामाणिक घड्याळ. क्वार्ट्झ म्हणजे सेलवर चालणारं मशीन, २०० मीटर पाणीरोधक, पण आकार ४४ मिलिमीटरच्या घरात, म्हणजे बारीक मनगटावर जड दिसतं. इन्व्हिक्टाचं प्रो डायव्हर ८९२६ हे ४० मिलिमीटरचं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं, ठेवणीने सबमरिनरच्या फार जवळ. मात्र केसच्या, म्हणजे घड्याळाच्या धातूच्या अंगाच्या, बाजूला कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत कोरलेलं असतं, ते चालणार आहे का हे आधी बघा. थोडं अधिक बजेट असेल तर ओरिएंट कामासू घ्या: ४१.८ मिलिमीटर, सफायर काच, २०० मीटर, कंपनीचं स्वतःचं मशीन. कामासू नक्कल नाही, त्याच डायव्हर म्हणजे पाणबुड्यांच्या घड्याळांच्या घराण्यातलं आहे, आणि अनेकांसाठी खरी बरोबर निवड तीच ठरते.

रोलेक्स डेटजस्टची खाचांची चकाकती बेझल हवी असेल तर कॅसिओ एमटीपी-१३०२ बघा. सिटिझन त्सुयोसा ४० मिलिमीटरचं ऑटोमॅटिक आहे, तारखेवर भिंग आहे, सफायर काच आहे. कार्टिए टँकचा उभा आयत आणि रोमन आकडे आवडत असतील तर कॅसिओची एलटीपी-व्ही००७ मालिका एका साध्या जेवणाच्या खर्चात नसली तरी दोन-अडीच हजारांच्या आसपास बसते. रॉयल ओकचा अष्टकोन प्लास्टिकमध्ये चालणार असेल तर २०१९ मध्ये आलेलं जी-शॉकचं जीए-२१००, ज्याला लोक ‘कॅसिओक’ म्हणतात. स्टीलच हवं असेल तर टिसो पीआरएक्स. पीआरएक्सचं मूळ मॉडेल १९७८ चं असल्यामुळे ते कोणाची छाया वाटत नाही.

या सगळ्यात मन भरलं नाही, मूळ घड्याळाच्या अगदी जवळ जायचंय, तरच पगानी डिझाइन, स्टीलडाइव्ह, सॅन मार्टिन अशा चिनी नावांकडे वळा. खालचा बराचसा भाग त्यांच्यासाठी आहे, कारण गफलत तिथेच होते.

मनगट मोजा

टेलरच्या टेपने घेतलेला घेर अर्धीच माहिती देतो. मनगटाच्या वरच्या बाजूला जो सपाट भाग असतो, त्याची रुंदी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजा. घड्याळाच्या वर्णनात पट्टा अडकवायच्या कानांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी दिलेली असते. ही लांबी सपाट भागापेक्षा जास्त असली की कान हवेत लोंबतात आणि घड्याळ उसनं आणल्यासारखं दिसतं. साडेसहा इंचांच्या मनगटाला साधारण ४६ ते ४८ मिलिमीटर ही मर्यादा धरा. फक्त व्यास बघून घेतलेलं घड्याळ परत जाण्याचं कारण बहुधा हेच असतं. शंका असेल तर त्या लांबी-रुंदीचा पुठ्ठा कापून मनगटावर ठेवून बघा.

जाडीही बघा. सीकोचं एनएच३५ मशीन एकटंच ५.३२ मिलिमीटर जाड आहे, मियोटा ९०१५ फक्त ३.९. त्यामुळे एनएच३५ असलेलं डायव्हर १३ मिलिमीटरच्या आसपास जातं आणि शर्टाच्या कफात अडकतं. फोटोत ही गोष्ट कधीच दिसत नाही.

मशीन: इथे वेळ द्या

जाहिरातीत ‘जपानी ऑटोमॅटिक’ एवढंच लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही. मशीनचा क्रमांक विचारा. क्रमांक सांगायला टाळाटाळ झाली की ते घड्याळ सोडून द्या.

एनएच३५ हे या किमतीतलं सर्वांत सुरक्षित मशीन. तासाला २१,६०० ठोके, २४ ज्वेल, पूर्ण गुंडाळल्यावर ४१ तासांचा साठा, बाजूच्या चावीने हाताने गुंडाळता येतं आणि चावी ओढली की सेकंदकाटा थांबतो. कंपनीची हमी दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद इतकीच आहे. म्हणजे रोज १५ सेकंद पुढे जाणारं एनएच३५ बिघडलेलं नाही. ते कंपनीने सांगितल्याप्रमाणेच चालतंय. रोलेक्सचं मशीन तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ८; एनएच३५ सेकंदाला ६. सेकंदकाटा किंचित टपटपत जाताना दिसेल तो यामुळे. तोच सरकता काटा हवा असेल तर मियोटा ९०१५ किंवा चिनी पीटी५००० शोधा. दोन्ही २८,८०० ची आहेत, आणि किंमत त्या हिशेबाने वाढते.

मियोटा ८२१५ टिकाऊ आहे, पण त्याचा रोटर (हात हलला की फिरणारं आतलं वजन) एकाच दिशेने चावी देतो. उलट दिशेने तो मोकळा फिरतो आणि हात झटकला की आत काहीतरी गरगरल्याचं जाणवतं. त्याचा सेकंदकाटाही अधूनमधून अडखळतो. हा दोष नव्हे, रचनाच तशी आहे. डीजी२८१३ हे त्याहून स्वस्त चिनी मशीन; कधी काही वर्षं बिनतक्रार चालतं, कधी काही महिन्यांतच बंद पडतं. गावातल्या घड्याळजीला त्याचे सुटे भाग मिळवून देणं अवघड, म्हणून शे-पाचशे वाचवायला ते घेऊ नये.

तारीख नसलेल्या डायलखाली एनएच३५ बसवलं असेल तर चावी ओढल्यावर आधी एक रिकामा टप्पा लागतो, कारण आत तारखेचं चाक तसंच असतं. स्वच्छ काम करणारी कंपनी अशा डायलसाठी एनएच३८ वापरते. छोटी गोष्ट, पण बनवणाऱ्याने किती विचार केलाय ते यावरून कळतं.

जीएमटी, म्हणजे एकाच वेळी दोन देशांची वेळ दाखवणाऱ्या, घड्याळांत फसगत जास्त. एनएच३४ मध्ये २४ तासांचा चौथा काटा वेगळा हलवता येतो, तासकाटा नाही. रोलेक्सच्या जीएमटी-मास्टर २ मध्ये उलट: तासकाटा एकेक तास उडी मारतो आणि घड्याळ न थांबवता स्थानिक वेळ लावता येते. तसं काम मियोटा ९०७५ करतं. दुबईला किंवा लंडनला वारंवार जाणाऱ्यांना हा फरक रोज जाणवेल. घरी बसून अमेरिकेतल्या मुलीची वेळ बघायची असेल तर एनएच३४ पुरे.

रोलेक्सच्या डेटोनासारख्या (स्टॉपवॉच असलेल्या) दिसणाऱ्या स्वस्त घड्याळांत बहुधा सीकोचं व्हीके६३ असतं. हे सेलवर चालतं, पण स्टॉपवॉचचा मोठा काटा सरकत जातो आणि बटण दाबताच झटक्यात शून्यावर येतो. तीन छोट्या डायलींपैकी एक २४ तासांची वेळ दाखवते, मूळ डेटोनात तिथे वेगळी मोजणी असते. मला विचाराल तर या किमतीत यांत्रिक स्टॉपवॉचपेक्षा व्हीके६३ शंभरपट बरं, कारण स्वस्त यांत्रिक क्रोनोग्राफ बिघडला की दुरुस्ती घड्याळाच्या किमतीएवढी होते.

रोज घालायचं नसेल, चार घड्याळं आलटून-पालटून वापरायची असतील, तर क्वार्ट्झच घ्या. महिन्याला १५-२० सेकंदांचा फरक, दोन-तीन वर्षांनी एक सेल, बाकी काही नाही.

केस, काच आणि पाणी

घड्याळ उलटं करून पाठीवरची अक्षरं वाचा. ‘ऑल स्टेनलेस स्टील’ असेल तर ठीक. ‘बेस मेटल बेझल, स्टेनलेस स्टील बॅक’ असं असेल तर फक्त झाकण स्टीलचं आहे आणि वरचं अंग पितळ किंवा जस्ताच्या मिश्रधातूवर मुलामा दिलेलं. कोकणातल्या दमट हवेत, घामात, हा मुलामा कानांच्या कडांपासून आणि चावीभोवती उडायला लागतो. मग खालचा धातू हिरवट पडतो आणि काहींच्या कातडीला खाज सुटते. चांगल्या घड्याळात ३१६एल स्टील असतं. रोलेक्स ९०४एल वापरते. स्वस्त घड्याळावर ९०४एल लिहिलेलं दिसलं तर त्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका, मनगटाला फरक कळत नाही.

काच सफायर असेल तर चाव्या, नाणी, भिंतीचा गिलावा यांनी सहसा ओरखडा पडत नाही. मोह्स प्रमाणावर ती ९ आहे. साधी मिनरल काच वर्षभरात धूसर होते, पण आपटल्यावर सफायरइतक्या सहज तडकत नाही. पाण्याचा थेंब गोल राहतो का, ही सफायर ओळखायची लोकप्रिय परीक्षा फसवी आहे, कारण लेप दिलेल्या कुठल्याही काचेवर थेंब गोल राहतो. डेटजस्टच्या धर्तीवरचं भिंग बघताना लक्षात ठेवा: रोलेक्सचं भिंग तारीख अडीच पट मोठी दाखवतं, स्वस्त घड्याळाचं दीड पटही दाखवत नाही आणि बरेचदा तिरकं चिकटवलेलं असतं.

अष्टकोनी बेझलवरच्या आठ स्क्रूंकडे नीट बघा. रॉयल ओकमध्ये ते खरे बोल्ट आहेत, षटकोनी डोकी त्यांच्या खोबणीत अडकलेली असतात आणि मागून आवळलेली, त्यामुळे खाचा वर्तुळाच्या रेषेत राहतात. स्वस्त घड्याळात ती नुसती चिकटवलेली सजावट असते आणि सैल झाली की पडते.

‘३० मीटर’ म्हणजे पावसाचे शिंतोडे आणि हात धुणं. ५० मीटरनेही पोहायला जाऊ नका. १०० मीटर आणि स्क्रूसारखी आवळून बंद होणारी चावी असेल तर पोहणं चालतं. डायव्हर म्हणवणाऱ्या घड्याळासाठी आयएसओ ६४२५ हे प्रमाण आहे, पण चिनी होमाजमधली फार थोडी त्यानुसार तपासलेली असतात. आकडा कितीही असला तरी समुद्रात नेण्याआधी घड्याळजीकडून दाबाची चाचणी करून घ्या. मोठ्या शहरांतल्या सर्व्हिस सेंटरमध्ये ते यंत्र असतं.

चेन

डायलपेक्षा जास्त पैसे इथे जाताना दिसले तर समजा की कंपनी प्रामाणिक आहे. चेन जिथे केसला मिळते तो शेवटचा तुकडा भरीव हवा. पत्रा वाकवून केलेला पोकळ तुकडा थोड्याच दिवसांत कुरकुर करतो. बकलचं आतलं पात पत्र्याचं आहे की घडीव, ते बघा. घडीव असेल तर कडा जाड आणि बंद होताना आवाज ठोस. बकलमध्ये दोन-तीन बारीक भोकं किंवा सरकती समायोजनाची सोय असणं आपल्याकडे महत्त्वाचं आहे, कारण मे महिन्याच्या उकाड्यात मनगट सुजतं आणि डिसेंबरात सैल होतं.

कानांमधली रुंदी २० किंवा २२ मिलिमीटर असेल तर लक्ष्मी रोडपासून कुठेही पट्टा मिळेल. २१ असेल तर शोधाशोध. आणि पीआरएक्ससारखी केसमध्येच मिसळलेली चेन असेल तर ठरावीक पट्टाच बसतो. चिनी नकलेत तर तो मिळतच नाही. चेन तुटली की घड्याळ निकामी, हे ध्यानात ठेवून घ्या.

पैसे कुठे आणि कसे द्यावेत

बजेटचे ढोबळ टप्पे असे: पाच-सात हजारांपर्यंत जपानी क्वार्ट्झ, दहा-पंधरा हजारांत एनएच३५ चं चिनी ऑटोमॅटिक, कस्टम्स धरून, वीस हजारांच्या पुढे ओरिएंट आणि सिटिझन. याच तिसऱ्या टप्प्यात चांगलं चिनी घड्याळही येतं, पण तिथे जपानी कंपनीची भारतातली सर्व्हिस आणि गॅरंटी हे पारडं जड आहे.

अलीएक्सप्रेस भारतात नोव्हेंबर २०२० पासून बंद आहे. चिनी घड्याळ मिळतं ते कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून किंवा इथल्या आयातदाराकडून. आयातदाराकडून घेताना डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, मूळ देश आणि उत्पादनाचा महिना छापलेला हवा. वेष्टित मालासाठी ते बंधनकारक आहे. लेबल नाही म्हणजे माल मागच्या दाराने आलाय आणि गॅरंटीचा प्रश्नच नाही. थेट मागवलंत तर शुल्क किंमत अधिक वाहतूक खर्च यावर लागतं, वर कुरियरचे हाताळणीचे पैसे. ऑर्डर देण्याआधी किंमत शुल्कासह आहे का ते लेखी विचारा, आणि ओळखपत्राचे कागद तयार ठेवा. ‘पावतीवर किंमत कमी दाखवतो’ असं विक्रेता म्हणाला तर नकार द्या. कस्टम्स स्वतःची किंमत लावून पार्सल अडवू शकतं, आणि हरवलं तर विमाही त्याच खोट्या रकमेचा मिळतो.

इथल्या विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ काढा, त्यात कुरियरचं लेबल दिसू द्या. वाद झाला की पुरावा तोच.

मुंबईच्या चोर बाजारात आणि ऑनलाइन मिळणाऱ्या रंगीत जुन्या एचएमटी आणि सीको घड्याळांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. डायल नव्याने रंगवलेली, छपाई जाड, काटे दुसऱ्याच घड्याळाचे. कंपनीने कधी न काढलेला रंग, तोही महागड्या घड्याळाच्या नावाने विकला जातो. हौस म्हणून दोन हजारांत घेण्याला हरकत नाही, पण रोज वापरायला आणि पाण्यात न्यायला अजिबात नाही.

घरी आल्यावर सात दिवस

संरक्षक पापुद्रे काढण्याआधीच तपासा, कारण ते काढल्यावर परत घ्यायला विक्रेते कुरकुर करतात. बेझलचा त्रिकोण १२ वर येतो का? १२० टप्प्यांची बेझल मागे सरकता कामा नये. सगळे काटे १२ वाजता एकावर एक येतात का? भिंग तारखेवर सरळ आहे का? चावी स्क्रू होताना सहज जाते का, की दात घसरतात? दात घसरत असतील तर त्याच दिवशी परत करा, ते पुढे केसचंच नुकसान करतात. पाठ पारदर्शक असेल तर रोटरवर किंवा बॅलन्सच्या चाकाजवळ मशीनचा क्रमांक दिसतो. जाहिरातीशी जुळवून बघा.

मग चावी ३० फेरे देऊन घड्याळ चालू करा, फोनच्या वेळेशी जुळवा आणि रोज रात्री एकाच वेळी फरक लिहा. दर रात्री ते वेगळ्या बाजूवर ठेवलंत तर वाचन बदलतं, म्हणून डायल वर करून ठेवा. टाइमग्राफर (घड्याळाची चाल मोजणारं यंत्र) असणाऱ्या घड्याळजीकडे गेलात तर एनएच३५ साठी लिफ्ट अँगल ५३ अंश लावायला सांगा. पूर्ण चावीवर अ‍ॅम्प्लिट्यूड २५० अंशांच्या वर आणि बीट एरर १ मिलिसेकंदाच्या आत असेल तर मशीन निरोगी. अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जायला लागलं तर घाबरू नका. स्पीकर किंवा फोनच्या चुंबकामुळे आतली केसासारखी बारीक हेअरस्प्रिंग चिकटते. डिमॅग्नेटायझरवर (चुंबकत्व काढणाऱ्या यंत्रावर) काही सेकंदांत ते सुटतं आणि बरेच घड्याळजी ते जागच्या जागी करून देतात.

रात्री ९ ते पहाटे ४ या काळात तारीख हाताने बदलू नका. त्या वेळी तारखेचे दाते आधीच गुंतलेले असतात आणि ढकललं की तुटतात. नवीन घड्याळही या कारणाने बिघडतं.

पाण्याची घरगुती तपासणी: घड्याळ हातात घालून उबदार झालं की काचेवर थंड पाण्याचा थेंब एक मिनिट ठेवा, पुसा, आणि काचेकडे नीट बघा. काचेच्या आत वाफ धरली तर सील नीट नाही. चेन कापताना खिळा कोणत्या बाजूने काढायचा ते कडीच्या आतला बाण सांगतो; बाणाच्या दिशेने बाहेर ढकला, उलट दिशेने आत घाला. बकलच्या दोन्ही बाजूंनी समान कड्या काढा, नाहीतर बकल मनगटाच्या कडेला सरकतं.

चार-पाच वर्षांनी एनएच३५ ची सर्व्हिस करायची वेळ आली तर घड्याळजीला दोन आकडे विचारा: सर्व्हिसचा आणि नवीन मशीन बसवायचा. बरेचदा अख्खं नवीन मशीन तीन-चार हजारांत बसतं आणि सर्व्हिसपेक्षा स्वस्त पडतं. सोबत झाकणाचं आणि चावीचं रबर नवीन टाकून दाबाची चाचणी परत करून घ्या.